एकोणचाळीस मिनिटांची झोप

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानात एक प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होती. जुन्या घड्याळात पहाटेचे पाच वाजून एकवीस मिनिटं झाली, की नव्या घड्याळात सहा वाजलेले असत. त्याच जानेवारीत जेकब ससून मिलच्या हजारो कामगारांनी नव्या वेळेनं कामावर जायला नकार दिला. दगडफेकही झाली.

मुंबईतल्या सुशिक्षित मंडळींसाठी हा अस्मितेचा प्रश्न होता. सरकारनं वेळ लादली म्हणून महापालिकेनं जुनी ‘मुंबई टाइम’ सोडायला नकार दिला आणि तो हट्ट १९५५ पर्यंत चालवला. पन्नास वर्षं या शहरात दोन वेळा नांदत होत्या. पुस्तकांमध्ये ही गोष्ट बहुतेकदा याच अंगानं येते. पण गिरणीच्या दारावर जे घडलं त्याचं कारण मला अस्मितेपेक्षा साधं वाटतं. माणसांना झोप हवी होती.

आता कुणी म्हणेल, सकाळी ३९ मिनिटं लवकर आत गेले तर संध्याकाळी तेवढेच लवकर बाहेर पडतील, मग बिघडलं काय? कागदावर हिशेब बरोबर आहे. पण लवकर सुटलेल्या माणसाला लवकर झोपता यावं लागतं. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतले सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या घरात राहत होते. गिरणगावात तर त्या एका खोलीत नवरा-बायको, पोरं, वर गावाकडून आलेले भाऊबंद. चूल तिथंच, बिछाना तिथंच. मे महिन्यात पत्र्याखाली कोण सातला झोपणार? लोक व्हरांड्यात, जिन्यावर, फुटपाथवर अंग टाकत, आणि रस्ता शांत होईपर्यंत कसली झोप! रात्र सुरू व्हायची ती वस्तीच्या सोयीनं आणि संपायची गिरणीच्या भोंग्यानं. भोंगा पुढे सरकला की कापली जायची ती झोपच.

बाईची झोप तर त्याच्याही आधी मोडायची. नवऱ्याला सहाला दारात उभं राहायचं तर भाकरी त्याआधी व्हायला हवी. ती स्वतः गिरणीत कांड्या भरायला जात असेल तर दोघांच्या. कायद्यात तिच्या कामाचे तास मोजले जात होते, चुलीपाशी गेलेले कुणीच मोजले नाहीत.

शिवाय, ‘लवकर सोडू’ या शब्दावर विश्वास तरी का ठेवायचा? नुकताच आलेला अनुभव उलटा होता.

सुरुवातीला गिरण्या सूर्यावर चालत. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. हिवाळ्यात दिवस लहान, उन्हाळ्यात तो तेरा तासांच्या पुढे जाई. हे काही सुख नव्हतं. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं, अशा मागण्या होत्या. रविवार मिळाला तो सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी. आपण आज रविवारी दहा वाजेपर्यंत लोळतो त्यामागे ही गोष्ट आहे. (लोखंडे स्वतः १८९७ च्या प्लेगमध्ये गेले.)

त्या अर्जातला ‘सूर्यास्त’ मात्र फार काळ टिकणारा नव्हता. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले. १९०४-०५ मध्ये कापडाच्या धंद्याला तेजी आली आणि दिव्यांखाली साचे रात्रीपर्यंत चालू लागले. दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. घर ते गिरणी चालण्याचा वेळ, जेवण, आंघोळ धरली तर झोपेला पाच-सहा तास उरतात, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. कामगारांनी विरोध केला, काही ठिकाणी काम थांबवलं. वर्तमानपत्रांनीही टीका केली. प्रौढ पुरुषाच्या तासांवर तेव्हा कायद्यानं कसलीच मर्यादा नव्हती. १८८१ चा कायदा मुलांपुरता होता, १८९१ च्या कायद्यानं बायकांना अकरा तासांची मर्यादा आणि रात्रीच्या कामावर बंदी दिली. पुरुष आपल्या मर्जीचा मालक मानला जाई.

या पार्श्वभूमीवर जानेवारी १९०६ चं घड्याळ आलं. आधी संध्याकाळ गेली, आता पहाट जाणार होती.

पुढचे आकडे भराभर सांगता येतात, मिळवायला मात्र ते फार जड गेले. १९११ च्या कायद्यानं कापडगिरण्यांत पुरुषांना दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. १९२२ मध्ये ११. १९३४ मध्ये १०. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ९, आणि आठवड्याला ४८. तास कमी झाले तशा पाळ्या वाढल्या. रात्रपाळीचा माणूस दिवसा त्याच एका खोलीत पोरांच्या गलक्यात झोपू लागला. रात्री जागून दिवसा झोपलं की हिशेब पूर्ण होतो, असं शरीर मानत नाही. ते उजेडावर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आहे.

झोपेवर आज जे लिहिलं जातं त्यात दोष बहुतेकदा झोपणाऱ्याचा असतो. फोन बाजूला ठेवा, कॉफी सोडा, शिस्त लावा. ते खोटं नाही. रात्री एकोणचाळीस मिनिटं रील्समध्ये कशी जातात हे कुणाला वेगळं सांगायला नको. पण बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्याला किंवा अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे इथली रात्र जागवणाऱ्याला शिस्तीचं प्रवचन देणं म्हणजे १९०६ च्या कामगाराला ‘लवकर झोपत जा’ सांगण्यासारखं आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची संमती आणि जादा मोबदला हवा, असंही त्यात आहे. १९११ च्या कायद्यातला आकडाही १२ च होता.