दिव्याचं ऊन

विजेच्या दिव्याखाली रोपं वाढवायची कल्पना आजची नव्हे. 1880 साली इंग्लंडात विल्यम सीमेन्स या इंजिनिअर साहेबानं मोहरी, गाजर, काकडी, खरबूज कुंड्यांत लावून त्यांचे चार वाटे केले. एक अंधारात, एक नुसत्या दिव्याखाली, एक नुसत्या उन्हात, आणि चौथा दिवसा उन्हात, संध्याकाळी दिव्याखाली. अंधारातली रोपं पिवळी पडून मेली. दिव्याखालची जगली, पण फिकट. उन्हातली गडद नि दणकट. सगळ्यांत सरस निघाली ती चौथी! दिवा उघडा ठेवला तर मात्र पानं करपत. मध्ये साधी काच आली की वाचत.

आपले डोळे फसवतात हो. लख्ख वाटणाऱ्या खोलीत चार-पाचशे लक्स उजेड असतो, भर दुपारी बाहेर लाखभर.

शेजारच्या नव्या इमारतीनं आमच्या बेळगावच्या गॅलरीतलं ऊन गिळलं. सासूबाईंनी लावलेला कढीपत्ता पानं गाळू लागला, तशी सूनबाईनं एलईडी दिवा आणला. तिला म्हटलं, "दिवा राहू दे, पण ऊनही दाखवू." आता सकाळी कुंडी गच्चीवर, संध्याकाळी दिव्याखाली. कुंडी जड आहे, दोघींनी दोन बाजूंनी धरावी लागते.