सर्जक मनाची उभयलिंगता : कोलरिज ते वुल्फ

थोर मनात स्त्रीप्रकृती व पुरुषप्रकृती यांचा मिलाफ असतो, ही कल्पना इंग्रजी समीक्षेत कोलरिजच्या नावाने रूढ झाली. तथापि तिचा मूळ संदर्भ काव्यनिर्मितीचा नव्हता. १ सप्टेंबर १८३२ रोजी संभाषणाच्या ओघात कोलरिज बोलत होता तो कॉबेटसारख्या निःशंक, दरारा बसविणाऱ्या वृत्तीच्या माणसांविषयी. अशी मने बलवान असतात, पण थोर नसतात. थोर मन उभयलिंगी असावे लागते, असा त्याचा अभिप्राय होता. उदाहरणादाखल त्याने नाव घेतले तेही कवीचे नव्हे, तर स्वीडनबॉर्गचे. पुतण्या हेन्री नेल्सन कोलरिज याने संपादिलेल्या 'टेबल टॉक'मधून १८३५ मध्ये हे उद्गार प्रसिद्ध झाले. कोलरिज आदल्याच वर्षी निवर्तला होता.

या त्रोटक उद्गारास निर्मितीच्या सिद्धांताचे रूप दिले व्हर्जिनिया वुल्फने. केंब्रिजच्या न्यूनहॅम व गर्टन या महिला महाविद्यालयांत ऑक्टोबर १९२८ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) हा तिचा ग्रंथ सिद्ध झाला. मनाची दोन्ही अंगे परस्परांशी सहकार्य करतील तेव्हाच निर्मिती परिपूर्ण होते, आणि स्वतःच्या लिंगाचे अखंड भान लेखनास मारक ठरते, असे तिचे प्रतिपादन आहे. तिने दाखले दिले ते शेक्सपियर, कीट्स, स्टर्न, कूपर, लॅम व कोलरिज यांचे. याच ग्रंथात आधी तिने जेन ऑस्टेनची तुलना शेक्सपियरशी केली होती. तरीही या नामावलीत एकही स्त्री नाही.

ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. एलेन शोवॉल्टर हिने १९७७ मध्ये उभयलिंगतेची ही कल्पना म्हणजे स्त्रीत्वाच्या क्लेशकारक अनुभवापासून काढलेली पळवाट होय, असा आक्षेप घेतला. टोरिल मोई हिने १९८५ मध्ये त्यास उत्तर दिले : वुल्फ अनुभव टाळीत नसून स्थिर लिंगओळखच नाकारीत आहे. या वादात एक प्रश्न मात्र मागे राहतो. मनाची ही देवघेव दोन्ही दिशांनी सारखीच मोजली जाते काय?

इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापद लिंग दाखवीत नाही. त्यामुळे तेथे हा प्रश्न बव्हंशी अनुमानावर राहतो. प्रमाण मराठीत 'मी गेलो' व 'मी गेले' यांतून बोलणाराचे लिंग उघड होते. तुकारामांच्या विराण्यांत कवी पुरुष असून 'मी'ची क्रियापदे स्त्रीलिंगी येतात. म्हणजे येथे संक्रमण व्याकरणातच नोंदले गेले आहे. पुरुषाने स्त्रीचा स्वर घेतला की तो प्रतिभेचा विस्तार मानला जातो. जनाबाईचे दळणकांडण मात्र बहुधा तिचे आत्मचरित्र म्हणून वाचले जाते. दोहोंस एकच माप लावल्यावाचून उभयलिंगतेची कल्पना निर्मितीचा सिद्धांत ठरणार नाही. ती पुरुषप्रतिभेचा गौरव करणारे एक विशेषण एवढीच राहील.