साबणाच्या पापुद्र्यातील प्रकाशाचे व्यतिकरण

साबणाच्या पाण्याच्या पापुद्र्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग पुढच्या पृष्ठभागावरून व थोडा मागच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. हे दोन्ही तरंग एकमेकांत मिसळले की काही रंग उठून दिसतात, काही विझतात. कोणता रंग उठून दिसेल हे पापुद्र्याची जाडी व पाहण्याचा कोन यांवर ठरते.

प्रात्यक्षिकासाठी तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून उभी धरतात. पाण्यात थोडे ग्लिसरीन घातल्यास पापुद्रा अधिक टिकतो. मागे काळे कापड लावून, दुधी काचेतून आलेला पसरट उजेड पापुद्र्यावर पाडावा. उघडा बल्ब वापरल्यास बल्बचेच प्रतिबिंब डोळ्यांत भरते. पाणी खाली ओघळते तसा पापुद्रा वर पातळ व खाली जाड होतो. आडवे रंगीत पट्टे उमटून ते हळूहळू खाली सरकतात. अगदी खाली ते दाट, फिकट गुलाबी-हिरवे असतात.

थोड्या वेळाने वरच्या कडेला काळा पट्टा येतो. पापुद्रा तिथे फाटला असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो फक्त अतिशय पातळ, सुमारे ३० नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी जाडीचा झालेला असतो. हवेतून पाण्यावर आदळून परतणारा तरंग अर्ध्या तरंगलांबीइतका उलटतो, पाण्यातून हवेच्या सीमेवरून परतणारा उलटत नाही. जाडी नगण्य असल्याने दोघांच्या मार्गांत फरक उरत नाही आणि सगळेच रंग एकमेकांना मारतात. रंगांपेक्षा हा काळेपणाच व्यतिकरणाचा पक्का पुरावा होय. रॉबर्ट हुक यांनी १६७२मध्ये आणि न्यूटन यांनी 'ऑप्टिक्स' (१७०४) या ग्रंथात असे काळे भाग नोंदवले. पातळ पापुद्र्यांच्या रंगांचा तरंगांच्या आधारे उलगडा टॉमस यंग यांनी १८०१मध्ये मांडला.

सोडियम दिव्याच्या प्रकाशात (तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर) रंग नाहीसे होऊन फक्त पिवळे व काळे पट्टे दिसतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरल्यास, समोरून पाहताना लगतच्या दोन काळ्या पट्ट्यांपाशी जाडीत सुमारे २२० नॅनोमीटरचा फरक असतो. पट्टे मोजून पापुद्र्याला स्पर्श न करता त्याची जाडी काढता येते.

वर्गात बहुधा रंग दाखवून प्रयोग आटोपता घेतात. काळा पट्टा येईपर्यंत थांबावे आणि तोवर पंखा बंद ठेवावा.