पिस्तूलबंदी आणि मनुष्यहत्या : डनब्लेननंतरचा इतिहास

शस्त्र काढून घेतल्याने हत्या थांबते काय, हा प्रश्न केवळ राज्यकर्त्यांचा नव्हे. मनुष्यजीवनाच्या पावित्र्याचा उपदेश करणाऱ्यांसही तो टाळता येत नाही. त्याचा विचार करताना ब्रिटनचा अलीकडचा इतिहास बोधप्रद ठरेल, असे आम्हांस वाटते.

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे एका मनुष्याने प्राथमिक शाळेत शिरून १६ बालके व त्यांच्या शिक्षिका यांचा वध केला आणि अखेरीस स्वतःचाही अंत केला. त्याची पिस्तुले व रिव्हॉल्वर रीतसर परवान्याची होती. शोकाकुल पालक व नागरिक यांनी मागणी लावून धरली. १९९७ साली पार्लमेंटने दोन कायदे केले. पहिल्याने मोठ्या व्यासाच्या गोळीची व दुसऱ्याने लहान व्यासाच्या गोळीचीही पिस्तुले खाजगी मालकीतून काढून घेतली. उत्तर आयर्लंड तेवढे वगळण्यात आले. सुमारे १,६२,००० शस्त्रे भरपाई घेऊन जमा करण्यात आली.

यानंतर हत्या घटल्या काय? इंग्लंड व वेल्समध्ये १९९० ते १९९६ या काळात बंदुकीने होणाऱ्या हत्या वर्षाकाठी साधारणतः ५० ते ७५ होत्या. बंदीनंतर त्या लगेच उतरल्या नाहीत. उलट २००१-०२ मध्ये ९० च्या वर गेल्या, आणि पुढील दहा वर्षांत ४० च्या आसपास आल्या.

कारण उघड आहे. जमा झाली ती परवानाधारकांची शस्त्रे. गुन्हेगारांच्या टोळ्या मात्र चोरट्या आयातीची किंवा नकली बंदुकीत फेरफार करून बनविलेली शस्त्रे वापरीत होत्या. २००३ साली बेकायदा पिस्तूल बाळगणाऱ्यास किमान ५ वर्षांची शिक्षा ठरली, व पोलिसांनी टोळ्यांकडे विशेष लक्ष पुरविले. यास्तव आरंभीच्या वाढीचा दोष अथवा नंतरच्या घटीचे श्रेय एकट्या बंदीस देणे न्याय्य नव्हे.

तथापि बंदी व्यर्थ गेली असेही म्हणवत नाही. डनब्लेनसारखे शाळेतील हत्याकांड ब्रिटनमध्ये पुन्हा घडलेले नाही. २०१० साली कम्ब्रियात १२ व २०२१ साली प्लिमथ येथे ५ जणांचे बळी गेले, ते बंदीबाहेर राहिलेल्या, परवान्याच्या बंदुकांनी. जे द्वार बंद केले ते बंद राहिले; उघडे ठेवलेल्या द्वाराने मृत्यू आत आला. अर्थात अशा घटना मुळातच विरळ असल्याने हाही पुरावा निर्णायक मानता येणार नाही.

आम्हां सेवकांस यातून दुहेरी बोध मिळतो. खुनाचा निषेध करणाऱ्या दशाज्ञांतच खोट्या साक्षीचाही निषेध आहे. बालकांच्या रक्षणासाठी बोलतानादेखील आकडे फुगवून सांगण्याची आपणांस मुभा नाही. त्याचप्रमाणे, कायदा अंतःकरण पालटीत नाही म्हणून तो निरुपयोगी, हा युक्तिवादही टिकत नाही. अंतःकरणाचा पालट हे देवाच्या कृपेचे कार्य होय. तोवर दुष्टाच्या हातून शस्त्र दूर ठेवणे हे राज्यसत्तेचे कर्तव्य आहे, आणि त्याची तिला आठवण देणे हे मंडळीचे.