जहाजावरचे पहिले दुपारचे जेवण : मुंबई, सप्टेंबर १८८८

आजच्या धाग्याचा विषय वरवर पाहता अगदी किरकोळ वाटेल. प्रवासी जहाजावर पहिल्या दिवशी दुपारी काय खायला मिळे? आजच्या पर्यटक जहाजांची माहितीपत्रके हा प्रश्न चवीचा मानतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून विलायतेला निघालेल्या हिंदी माणसाला मात्र तो जातीचा, शपथेचा आणि पुष्कळदा नुसत्या भुकेचा प्रश्न होता. म्हणून आज एकाच प्रवाशाचे ताट जरा जवळून पाहू.

दिनांक ४ सप्टेंबर १८८८. पी. अँड ओ. कंपनीचे 'क्लाइड' हे जहाज संध्याकाळी मुंबई बंदरातून निघाले. दुसऱ्या वर्गात एक काठियावाडी तरुण होता. वयाची १९ वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरलेला. नाव मोहनदास करमचंद गांधी. त्याच्याच खोलीत जुनागढचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. ते वयाने मोठे, अनुभवी आणि मोकळ्या स्वभावाचे. आत्मचरित्रात गांधींनी नोंदवले आहे की, मजमुदार सोडले तर दुसऱ्या वर्गातले बाकीचे सगळे प्रवासी इंग्रज होते.

जहाज संध्याकाळी सुटल्यामुळे समुद्रावरची पहिली दुपार उजाडली ती ५ तारखेला. जेवणघरात घंटा झाली, टेबले मांडली गेली, पदार्थांची यादी समोर आली आणि मोहनदास खोलीतच बसून राहिला.

का? कारणे त्याने स्वतःच सांगितली आहेत आणि ती मोठी बोलकी आहेत. काटे-चमचे कसे वापरायचे ते त्याला ठाऊक नव्हते. इंग्रजी बोलण्याची सवय नव्हती. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवावे लागे. आणि यादीतल्या कोणत्या पदार्थात मांस नाही, हे वाढप्याला विचारण्याचे धैर्य नव्हते. म्हणजे टेबलावर त्याला चालण्याजोगे काहीच नव्हते, असे खात्रीने म्हणता येत नाही. काय चालेल हे विचारण्याइतकी भाषाच तोंडी येत नव्हती. परक्या शहरातल्या उपाहारगृहात पहिल्यांदा शिरलेल्या कुणालाही हा अनुभव परका वाटणार नाही. पण याच्या मानेवर त्याखेरीज एक शपथ होती आणि एक बहिष्कार होता.

शपथ आईपुढे घेतलेली. मद्य, स्त्री आणि मांस यांना शिवणार नाही, अशी ती तिहेरी शपथ बेचरजी स्वामी या जैन साधूंनी घ्यायला लावली, तेव्हाच आईने जाण्याची परवानगी दिली. बहिष्कार मुंबईतला. मोढ वाण्यांच्या जातसभेने त्याला बोलावून घेतले आणि समुद्रपार जाणे धर्माला मान्य नाही, तिथे खाण्यापिण्याचा विधिनिषेध पाळता येत नाही, असे बजावले. त्याने ऐकले नाही. शेठ संतापले, मुलाला जातीबाहेर काढले, आणि जो कुणी त्याला मदत करील किंवा धक्क्यावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड, असे जाहीर केले.

समुद्रप्रवासाचा निषेध जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रयान पतित करणाऱ्या कर्मांत गणले आहे. पुढे ते कलिवर्ज्यांतही आले. परंतु एकोणिसाव्या शतकात खरी अडचण खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याची होती. तीन आठवडे पाणी कुणाच्या हातचे प्यायचे? अन्न कुणी शिजवलेले खायचे? त्याच भांड्यांत आधी काय शिजले होते? सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि वाट कितीतरी आखूड झाली. तरी इतके दिवस कडक सोवळ्यात राहणे जहाजावर अशक्यच.

हे भय कोरडे नव्हते, याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा ठेवला गेला. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. नावे वृत्तपत्रात छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानड्यांसारख्या माणसालाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेही भर पुण्यात, जमिनीवर, एका पेल्यासाठी! ही नावे चव्हाट्यावर आणण्यामागे गोपाळराव जोशी होते. त्यांची पत्नी आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' जहाजाने अमेरिकेला वैद्यक शिकायला गेली होती आणि निघण्यापूर्वी सेरामपूरच्या व्याख्यानात तिने जाहीर केले होते की, आपण चालीरीती, पोशाख आणि आहार यांत काडीचाही बदल करणार नाही. त्या व्याख्यानात आहार हा शब्द यावा लागला, यातच काळ ओळखावा.

आता 'क्लाइड'वर परत येऊ. मोहनदासने मुंबईतून निघतानाच मिठाई आणि फळे बरोबर घेतली होती. ही निवड केवळ मुलाच्या आवडीची नव्हे. भात-वरण, पोळी-भाजी या रोजच्या रांधलेल्या अन्नाला विटाळाचे नियम सर्वांत कडक. फळांना ते जवळजवळ नाहीत. तुपात तळलेल्या किंवा दुधातुपाच्या कोरड्या पदार्थांना बरेच सैल. शिवाय असे पदार्थ टिकतात. आपल्याकडेही यात्रेच्या शिदोरीत दशम्या, लाडू, चिवडा यांनाच मान होता. धर्मशास्त्र आणि टिकाऊपणा यांची इथे छान गाठ पडलेली दिसते.

त्याच वेळी जेवणघरात काय वाढले जात होते? त्या दिवसाचे ताट डोळ्यांपुढे उभे करण्यासाठी गांधींच्याच दुसऱ्या एका लेखाचा आधार घेता येतो. १८९१ च्या जूनमध्ये ते 'ओशियाना' या पी. अँड ओ.च्याच जहाजाने परतले आणि त्या प्रवासाचे वर्णन त्यांनी लंडनच्या 'द व्हेजिटेरियन' साप्ताहिकासाठी लिहिले. दुसऱ्या वर्गाचे मुख्य जेवण दुपारचे. त्यात मटण, भाज्या, भात आणि करी, पेस्ट्री. शिवाय सकाळी भरपूर न्याहारी, चार वाजता चहा-बिस्किटे आणि संध्याकाळी पुन्हा पाव, लोणी, जॅम, चॉप्स. जहाजावर माणसे किती खातात याचे गांधींना वाटलेले मिश्कील आश्चर्य त्या लेखात लपत नाही.

भात आणि करी यांवर वाचकांनी क्षणभर थांबावे. इंग्रजी कंपनीच्या जहाजावर, इंग्रज प्रवाशांच्या टेबलावर, हिंदुस्थानी भात-करी रोजची झाली होती. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या साहेबांनी दुपारच्या जेवणाला 'टिफिन' हा शब्दही दिला. आपण तो पुढे डब्यासाठी ठेवून घेतला.

तुलनेसाठी आणखी मागे जायचे तर चार्ल्स डिकन्सकडे जावे. १८४२ च्या जानेवारीत तो 'ब्रिटानिया' या वाफेच्या जहाजाने लिव्हरपूलहून अमेरिकेला गेला. दुपारी एक वाजता घंटा होई आणि वाफाळते भाजलेले बटाटे, भाजलेली सफरचंदे, डुकराच्या मुंडीचे मांस, थंड हॅम आणि खारवलेले गोमांस टेबलावर येई. शीतगृहे नव्हती, म्हणून दुधासाठी जहाजावर चक्क गाय ठेवलेली असे. डिकन्सच्या टेबलाशी मोहनदास बसला असता तर निदान बटाटे आणि सफरचंदे त्याला न विचारताच ओळखू आली असती. करीच्या वाडग्यात काय आहे, हे मात्र विचारल्यावाचून कळत नाही.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग जेवणघराच्या खाली आहे. पी. अँड ओ.च्या जहाजांवर जेवण वाढणारे कोण होते? बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. डेकवर दोरखंड ओढणारे खलाशी कोण? त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. या हिंदी खलाशांचे अन्न साहेबांच्या स्वयंपाकघरात शिजत नसे. त्यांचा स्वतंत्र स्वयंपाकी असे, त्याला भंडारी म्हणत. भात, डाळ, तूप, मसाला, सुकी मासळी असा त्यांचा शिधा. म्हणजे मोहनदास खोलीत मिठाईवर दिवस काढत होता त्या वेळी त्याच जहाजावर, काही पावलांच्या अंतरावर, डाळभात रटरटत होता. तो पदार्थांच्या यादीवर मात्र नव्हता, कारण ती यादी खलाशांसाठी छापलेलीच नव्हती.

आणि हा डाळभाताचा मार्ग सापडलाही! इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी दोन साधने शेजारी ठेवून पाहावीत. १९२५ पासून 'नवजीवन'मधून क्रमशः आलेल्या आत्मचरित्रात गांधी लिहितात की, आपण टेबलावर कधीच जेवलो नाही, खोलीतच जेवलो आणि ते जेवण मुख्यतः बरोबरच्या मिठाईचे व फळांचे होते. प्रवासानंतर लवकरच लिहिलेल्या लंडनच्या रोजनिशीत चित्र थोडे निराळे आहे. तिथे पहिले ४८ तास मिठाई आणि फळांवर काढल्याची नोंद आहे. मग मजमुदारांनी जहाजावरच्या पोरांना गाठून जेवण रांधून देण्याची व्यवस्था केली. आपल्याला त्या पोरांचे मन वळवणे कधीच जमले नसते, अशी कबुलीही आहे.

दोन्हींत कुणी खोटे बोलत नाही. ३७ वर्षांनी लिहिणाऱ्या माणसाला आपला लाजाळूपणा आठवला. घटनेला लागून लिहिणाऱ्या मुलाला पोटात गेलेला घास आठवला. जेवणाच्या तपशिलासाठी मी रोजनिशीवर अधिक विश्वास ठेवीन.

मजमुदार त्याला परोपरीने सांगत असत : डेकवर ये, लोकांत मिसळ, वकिलाची जीभ लांब हवी, चुका झाल्या तरी इंग्रजी बोल. एका इंग्रज प्रवाशानेही आपुलकीने इशारा दिला की, बिस्केच्या उपसागरात पोहोचल्यावर हा हट्ट सोडावा लागेल, इंग्लंडात मांसाशिवाय माणूस जगत नाही. मोहनदासने हट्ट सोडला नाही. उलट प्रवासात आपण मांस खाल्ले नाही, अशी प्रमाणपत्रे त्याने गोळा केली. पुढे मांस खाणाऱ्यांनाही अशी प्रमाणपत्रे मिळू शकतात हे कळल्यावर त्याला त्यांची गोडी उरली नाही.

पैसा असेल तर हा सारा पेच कसा सुटतो, हे पाहायचे असल्यास १९०२ कडे वळा. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह (दुसरे) लंडनला निघाले. त्यांनी 'ऑलिंपिया' हे अख्खे जहाजच भाड्याने घेतले, स्वयंपाकाची व्यवस्था आपल्या माणसांच्या हाती ठेवली आणि गंगाजल भरलेले चांदीचे प्रचंड रांजण बरोबर नेले. त्यांतले दोन आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये दिसतात. एकेकाचे वजन ३४५ किलो. राजाने सोवळे स्वयंपाकघरच समुद्रावर नेले. हज यात्रेकरूंनीही एका अर्थी तेच केले. मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या जहाजांवर गरीब यात्रेकरू आपला शिधा बरोबर नेत आणि डेकवर चुली मांडून रांधत; त्यांच्यासाठी रांजण कुणी घडवले नाहीत आणि त्यांच्या गर्दीने भरलेल्या डेकची छायाचित्रेही फार कुणी जपली नाहीत.

पुन्हा 'ओशियाना'. १२ जून १८९१. निघताना वाढप्याला एक प्रश्न विचारू न शकलेला मुलगा आता बॅरिस्टर होऊन, लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर काम करून परतत होता. या वेळी त्याच्या बाजूने मुख्य वाढप्याकडे रीतसर मागणी गेली आणि ती मान्य झाली : भाजीची करी, भात, शिजवलेली आणि ताजी फळे, आणि पहिल्या वर्गाच्या पुरवठ्यातून ब्राऊन ब्रेड. आपल्याला हवे ते सर्व मिळाले, असे तो लिहितो. जहाज त्याच कंपनीचे, वर्ग तोच, वाढपीही बहुधा गोव्याकडचेच.

एडनला जहाज बदलून तो जुलैच्या सुरुवातीला पावसाळी समुद्रातून मुंबईला उतरला. मोठ्या भावाने त्याला राजकोटला नेण्याआधी नाशिकला नेले, गोदावरीत स्नान घातले आणि राजकोटला पोहोचल्यावर जातीला जेवण दिले. एका तटाने त्याला परत घेतले, दुसऱ्याने घेतले नाही. त्या दुसऱ्या तटाच्या नियमाप्रमाणे सासू-सासरे आणि बहीण-मेहुणे यांनाही त्याचा पाहुणचार करता येत नव्हता. ते लपूनछपून करायला तयार होते. त्यालाच ते पटले नाही, आणि त्यांच्या घरी तो पाणीसुद्धा प्यायला नाही.