अतिकॅल्व्हिनवाद : व्याख्येचा प्रश्न आणि मराठी मुद्रणाचा इतिहास

प्रस्तावना :
अव्वल इंग्रजी कालखंडातील मिशनरी कार्याचा अभ्यास करताना ‘कॅल्व्हिनपंथी’ हा शब्द वारंवार भेटतो. सर्व काही ईश्वराने आधीच ठरविले आहे असे मानणारा, म्हणून दैववादी, असा त्याचा सरधोपट अर्थ लावला जातो. हा अर्थ ग्राह्य धरल्यास एक विसंगती उभी राहते. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश छापणारे विल्यम कॅरी हे कॅल्व्हिनपंथीयच होते. दैववादी मनुष्य परभाषेच्या व्याकरणासाठी आयुष्य का वेचील? या विसंगतीचे मूळ ‘अति’ या उपपदाच्या व्याख्येत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

व्याख्यांचे तीन प्रवाह :
‘अतिकॅल्व्हिनवाद’ हे नाव प्रायः प्रतिपक्षाने दिलेले आहे. त्यामुळे देणाऱ्यागणिक त्याची मर्यादा बदलते. पहिल्या अर्थाने, डॉर्टच्या धर्मसभेत (१६१८-१९) निश्चित झालेली पाचही मते मानणारा प्रत्येक जण ‘अति’ ठरतो. आर्मिनियसच्या अनुयायांना हा अर्थ सोयीचा वाटतो. दुसऱ्या अर्थाने, मानवाच्या पतनाचा विचार करण्यापूर्वीच ईश्वराने तारणासाठी निवड केली असे मानणारे ‘अति’ होत. परंतु या मताचा गोमारस डॉर्टच्या सभेत सन्मानाने उपस्थित होता व सभेने ते मत निषिद्ध ठरविले नाही.

तिसरा अर्थ प्रचाराशी निगडित आहे. सुवार्तेचे निमंत्रण सर्वांना सरसकट देऊ नये, कारण ज्याला विश्वास ठेवण्याची शक्तीच नाही त्याच्यावर विश्वासाचे कर्तव्य लादता येत नाही, ही ती भूमिका. जोसेफ हसी यांनी १७०७ मध्ये ईश्वरी कृपेचे ‘निमंत्रण’ ही कल्पनाच नाकारली. पीटर टून (१९६७) यांनी पापी मनुष्याची जबाबदारी क्षीण करणारी संपूर्ण विचारसरणी या नावाखाली आणली, तर कर्ट डॅनियल (१९८३) यांनी निमंत्रणाच्या नकारावर भर दिला. जॉन गिल (१६९७-१७७१) यांना डॅनियल या वर्गात घालतात. टॉम नेटल्स (१९८६) मात्र तसे मानत नाहीत. व्याख्या बदलली की माणूस सीमेच्या आत-बाहेर होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

फुलर, कॅरी आणि मराठी प्रदेश :
अँड्र्यू फुलर यांनी १७८५ च्या ग्रंथात या कोंडीतून मार्ग काढला. नैसर्गिक असमर्थता व नैतिक असमर्थता यांत त्यांनी भेद केला. मनुष्याचे ‘न होणे’ हे वस्तुतः ‘न इच्छिणे’ आहे, म्हणून कर्तव्य उरते आणि निमंत्रणही उरते. याच वैचारिक भूमीवर कॅरींचे १७९२ चे पुस्तक व त्याच वर्षीची बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली. थोरल्या जॉन रायलंड यांनी तरुण कॅरींना ‘खाली बसा’ असे खडसावल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. तथापि रायलंड यांच्या पुत्राने ती नाकारली होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पूर्वनियोजनावरील श्रद्धा न सोडता सर्वांना हाक द्यायची, तर ती त्यांच्या भाषेतच द्यावी लागते. फोर्ट विल्यम कॉलेजात पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने झालेले मराठीचे काम या भूमिकेचे फलित होय. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हेही न्यू इंग्लंडच्या कॅल्व्हिनपंथी परंपरेतच घडले होते. मराठवाड्यापुरते पाहिल्यास, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालना परिसरात कार्यरत झाले. त्यांच्या फ्री चर्चचा वेस्टमिन्स्टर श्रद्धालेखही पूर्वनियोजन स्पष्टपणे मान्य करतो.

निष्कर्ष :
पहिली व्याख्या स्वीकारल्यास कॅरी व शेषाद्री हे दोघेही ‘अति’ ठरतात आणि त्यांचे कार्य अनाकलनीय होते. तिसरी स्वीकारल्यास ते अतिकॅल्व्हिनवादाचे विरोधक ठरतात व कार्यकारणभाव जुळतो. म्हणून इतिहासलेखनात तिसरी व्याख्या अधिक उपयुक्त आहे. धर्मांतराच्या हेतूचे मूल्यमापन हा स्वतंत्र प्रश्न आहे. मात्र ते करण्यापूर्वी, प्रतिपक्षाने दिलेले नाव हे वर्णन आहे की आरोप, याची छाननी अभ्यासकाने केली पाहिजे. आपल्याकडील पंथोपपंथांच्या अभ्यासासही हाच दंडक लागू पडतो.