हिम पडणार की पाऊस?

फेब्रुवारी २०१० मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. त्यांतील काही स्पर्धा शहराजवळच्या सायप्रस पर्वतावर व्हायच्या होत्या. परंतु त्या वर्षीचा हिवाळा उबदार निघाला आणि हिमाऐवजी पाऊस पडू लागला. अखेर दूरच्या उंच भागातून ट्रक भरभरून हिम आणावे लागले, काही हेलिकॉप्टरने टाकावे लागले, तेव्हा उतार स्पर्धेसाठी तयार झाले.

पायांना लांब पट्ट्या बांधून हिमावरून घसरत जाण्याचा, म्हणजे स्कीइंगचा, छंद असलेले लोक प्रत्येक येणाऱ्या वादळाबद्दल एकच प्रश्न विचारतात : हिम पडणार की पाऊस? दहा मिलिमीटर पाणी हिमरूपाने पडले तर साधारणपणे दहा सेंटिमीटर जाडीचा भुसभुशीत थर मिळतो. तेच पाणी पाऊस होऊन आले तर असलेला थरही खराब होतो. हा फरक एखाद्या अंशाच्या तापमानावर ठरतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना पाऊस मुळात पडतो कसा, याचाच उलगडा कसा झाला, ते आपण पाहू.

बर्गेनमधील नवी दृष्टी

पहिल्या महायुद्धात नॉर्वे तटस्थ होता. पण युद्धात गुंतलेल्या देशांकडून येणारे हवामानाचे संदेश बंद झाले आणि देशात धान्याची टंचाई भासू लागली. व्हिल्हेल्म ब्यर्कनेस हे पदार्थवैज्ञानिक १९१७ मध्ये बर्गेन येथे आले होते. शेतकऱ्यांना व मच्छीमारांना उपयोगी पडेल असा अंदाज देण्यासाठी १९१८ मध्ये त्यांनी देशाच्या पश्चिम भागात निरीक्षणकेंद्रांचे दाट जाळे उभारले.

या निरीक्षणांवरून त्यांचे चिरंजीव याकोब ब्यर्कनेस यांनी १९१९ मध्ये वादळाच्या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला. थंड हवा व उबदार हवा यांच्या सीमेवर ही वादळे वाढतात, असे त्यांचे म्हणणे होते. या सीमेला पुढे युद्धातलेच नाव मिळाले : आघाडी. उबदार हवा हलकी असल्याने ती थंड हवेच्या पाचरीवरून तिरकी वर चढते, थंड होते आणि तिच्यात ढग तयार होतात.

स्कीइंग करणाऱ्यांना नेहमी येणारा अनुभव या चित्रात नीट बसतो. उबदार आघाडी जवळ येताना जमिनीलगत अजून थंड हवा असते, म्हणून आधी हिम पडते. आघाडी ओलांडून गेली की उबदार हवा जमिनीपर्यंत पोहोचते आणि हिमाचा पाऊस होतो. मागून थंड आघाडी आली की पुन्हा हिमाच्या सरी सुरू होतात. एकाच वादळात, एकाच गावी, एकाच दिवशी हे सर्व घडू शकते.

जंगलवाटेवरचे धुके

तरीही एक मोठे कोडे उरलेच होते. ढगातील जलकणाची त्रिज्या एक शतांश मिलिमीटरच्या आसपास असते, तर पावसाच्या मोठ्या थेंबाची एक मिलिमीटर. त्रिज्या शंभर पट म्हणजे आकारमान दहा लक्ष पट. निव्वळ बाष्प जमत जाऊन कण एवढा वाढायला फार वेळ लागतो. प्रत्यक्षात ढग तासाभरातही बरसू लागतो. हे कसे?

बर्गेनच्या गटातील स्वीडिश शास्त्रज्ञ टॉर बर्जेरॉन फेब्रुवारी १९२२ मध्ये ऑस्लोजवळच्या व्होक्सेनकोलेन या टेकडीवर काही आठवडे राहिले होते. आजूबाजूला सूचिपर्णी वृक्षांचे जंगल होते, आणि टेकडीवर वारंवार ढग टेकून धुके होई. वाटेवरून फिरताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. तापमान शून्याच्या वर असले की धुके वाटेवर थेट जमिनीपर्यंत उतरते. पण ते शून्याखाली पाच ते दहा अंश असले की झाडांमधली वाट मोकळी राहते. धुके वरच थांबते.

धुक्याचे कण शून्याखालीही पाण्याच्याच रूपात होते. अशा पाण्याला आपण अतिशीत पाणी म्हणतो. फांद्यांवर मात्र बर्फ साचलेला होता. आता एक महत्त्वाची गोष्ट पाहा. एकाच तापमानाला बर्फावरील संपृक्त बाष्पदाब पाण्यावरील दाबापेक्षा कमी असतो. उणे दहा अंशांना जी हवा पाण्याच्या दृष्टीने नुकती संपृक्त असते, तिच्यात बर्फाच्या दृष्टीने सुमारे दहा टक्के बाष्प जास्त असते. त्यामुळे बाष्प फांद्यांवरील बर्फाकडे ओढले जाते, हवा कोरडी पडते आणि जलकण विरून जातात.

बर्फ व अतिशीत पाणी एकत्र असले तर ही स्थिती टिकत नाही, हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९११ मधील आपल्या ग्रंथात मांडले होते. खंडवहनाच्या सिद्धान्तामुळे आपल्याला परिचित असलेले वेगेनर हेच. तो ग्रंथ बर्जेरॉन यांच्या वाचनात होता. फांद्यांच्या जागी ढगातील थोडेसे हिमस्फटिक आहेत अशी कल्पना करा. लाखो जलकणांचे बाष्प ओढून घेत हे मोजके स्फटिक भराभर वाढतील, जड होतील आणि खाली पडू लागतील. बर्जेरॉन यांनी १९३३ मध्ये लिस्बनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हा विचार मांडला. पुढे १९३८ मध्ये जर्मनीच्या वॉल्टर फिंडायसेन यांनी त्याला बळकटी दिली.

शेवटचे काही शेकडो मीटर

याचा अर्थ, थंड प्रदेशातील हिवाळी वादळात पडणारा बहुतेक पाऊस म्हणजे वितळलेले हिमच. ‘हिम की पाऊस’ हा निर्णय बहुधा ढगात होतच नाही. तो जमिनीजवळच्या हवेत होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वापरात आलेल्या रडारने त्याचा पुरावा दाखवला. शून्य अंशाच्या पातळीच्या जरा खाली पडद्यावर एक ठळक पट्टा दिसे. वितळू लागलेल्या हिमाच्या पिसांभोवती पाण्याचे आवरण तयार होते आणि ती रडारच्या लहरी जोराने परत पाठवतात, म्हणून हा पट्टा उमटतो.

पण हिम लगेच वितळत नाही. शून्याच्या पातळीखाली ते दोनतीनशे मीटर तसेच येऊ शकते, म्हणून जमिनीवर एक अंश तापमान असतानाही हिम पडते. शिवाय वितळताना ते भोवतालच्या हवेतून उष्णता घेते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. दहा मिलिमीटर पाण्याइतके हिम ६०० मीटर जाडीच्या हवेच्या थरात वितळले, आणि ती हवा तेथेच राहिली, तर थर सुमारे साडेचार अंशांनी थंड होईल. म्हणूनच वारा मंद असताना जोराची सर आली की पावसाचे पुन्हा हिम होऊ शकते.

हवा कोरडी असली तर आणखी एक परिणाम घडतो. आपल्या माठातील पाणी बाष्पीभवनाने गार होते, तसेच पडणारे हिमही. म्हणून अंदाज देणारे केवळ साध्या तापमापकावर विसंबत नाहीत, ओल्या तापमापकाचेही तापमान पाहतात.

नियमाची मर्यादा

जवळजवळ सर्व जोरदार पावसाचा जन्म बर्फात होतो, असे बर्जेरॉन यांना वाटत होते. उष्ण कटिबंधाने हा निष्कर्ष मोडीत काढला. तेथे वैमानिकांना असे ढग दिसले, ज्यांचा माथाही शून्याच्या पातळीपर्यंत पोहोचत नव्हता, तरी ते बरसत होते. अशा ढगांत लहानमोठे जलकण एकमेकांवर आदळून एकत्र होतात. पावसाळ्यात सह्याद्रीवर बरसणारे अनेक ढग याच जातीचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात महाराष्ट्राच्या पठारावर अशा ढगांत मिठाची पूड फवारून प्रयोग केले, त्यामागे हेच तत्त्व होते. याउलट, वैशाख वणव्यात गडगडाट करीत उंच वाढणाऱ्या ढगांत बर्फाचा वाटा मोठा असतो. त्यांतील गारा आपण वेचतोच.

हा प्रश्न खेळापुरता नाही. उंचीनुसार तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे हवा एक अंशाने तापली तर हिम-पावसाची सीमा सुमारे १५० मीटर वर सरकते. पर्वतावरचे हिम उन्हाळ्यापर्यंत पाणी राखून ठेवते. पाऊस तेव्हाच वाहून जातो आणि पुरालाही कारण होतो. सिंधूच्या खोऱ्यात याला किती महत्त्व आहे, हे वेगळे सांगायला नको.

‘ढगाला थंड हवा लागली की पाऊस पडतो’ असे आपण वर्गात पटकन सांगून टाकतो. त्या एका वाक्यात थेंब दहा लक्ष पट कसा वाढतो, हा प्रश्न झाकला जातो. तो मुलांपुढे ठेवून पाहावा. दोन तापमापक घ्यावेत, एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळावे, आणि कोरड्या व दमट दिवशी दोहोंतील फरक मुलांना टिपून ठेवायला सांगावा. ऑस्लोच्या डोंगरावर हिम पडेल की पाऊस, हे ठरवणारी एक गोष्ट त्यांना आपल्या शाळेच्या ओसरीवरही मोजता येईल.